जुन्या गावाची नवी माणसं

२०२३ च्या मे महिन्यात मी कॅनडाला बहिणीकडे गेलो होतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स जॉर्ज नावाचं गाव आहे, तिथं ती राहते. पहिल्याच दिवशी सकाळी चहाच्या ओढीनं मी स्वयंपाकघराकडे निघालो, तर जिन्यावर माझी भाची दिसली. अंगात कुणाकडून तरी उसना आणलेला, घोट्यापर्यंत पोचणारा जाड लोकरी झगा. एका हातात पाण्यानं भरलेली बादली, दुसऱ्या हाताच्या चिमटीत झग्याची कड. पाच पायऱ्या चढायची, थांबायची, पुन्हा उतरायची.

मी विचारलं, "काय गं, नाटकात काम मिळालं की काय?"

ती म्हणाली, "नाही मामू, नोकरी मिळालीय. तिची तयारी चाललीय."

भाची तिथं विद्यापीठात शिकते. तिकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं चार महिने कुठंतरी काम करतात आणि फीला हातभार लावतात. कुणी हॉटेलात, कुणी दुकानात, कुणी जंगलात रोपं लावायला. हिला काम मिळालं होतं ते दीडशे वर्षांपूर्वीच्या एका गावात. त्या गावाचं नाव बार्करव्हिल.

माझी मुक्कामाची मुदत दोन महिन्यांची होती. त्या दोन महिन्यांत मी कॅनडातले धबधबे फारसे पाहिले नाहीत. पण एखादं जुनं गाव उभं ठेवायचं म्हणजे काय करावं लागतं आणि त्यासाठी माणसं कशी घडवतात, हे मात्र जवळून पाहिलं. त्याविषयी आज बोलणार आहे.

आधी गावाची ओळख करून देतो. व्हँकुव्हरपासून रस्त्यानं सातशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला, कॅरिबू पर्वतांच्या कुशीत विल्यम्स क्रीक नावाचा ओढा आहे. १८६२ च्या ऑगस्टमध्ये बिली बार्कर नावाच्या इंग्रज माणसाला या ओढ्याकाठी सोनं सापडलं. इंग्लंडच्या केंब्रिजशर भागातून तो नशीब काढायला आला होता. इतरांनी नाद सोडलेल्या पट्ट्यात तो खणत राहिला आणि सुमारे पन्नास फुटांवर त्याचं नशीब उघडलं. बातमी पसरली तशी माणसांची रीघ लागली. डोंगर फोडून तिथवर गाडीरस्ता नेण्यात आला. दुकानं, गुत्ते, छापखाना, नाटकगृह, चर्च असं सगळं काही वर्षांत उभं राहिलं. सरकारचा रस्ता जिथं संपतो आणि रान सुरू होतं, अशा जागी वसलेलं ते गाव. त्या गावाला ज्याचं नाव मिळालं तो बार्कर मात्र १८९४ साली व्हिक्टोरिया शहरात कफल्लक अवस्थेत वारला.

सोनं सरलं तशी माणसंही पांगली. पण गाव पूर्ण मोडलं नाही. १९२४ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला आणि १९५८ पासून प्रांताच्या सरकारनं त्याची डागडुजी सुरू केली. आज तिथं शंभराहून अधिक जुन्या इमारती आहेत. मुख्य रस्ता तोच, मातीचा. दोन्ही बाजूंना जमिनीपासून उंच उचललेले फळ्यांचे पदपथ. लोहाराचा भाता चालू असतो, घोडागाडी धावते, बेकरीत पाव भाजतात. आणि या सगळ्यांत जुन्या काळच्या कपड्यांत वावरणारी, बोलणारी, पाहुण्यांना आत बोलावणारी माणसं असतात. आमची भाची त्यांतली एक होणार होती.

आता तुम्ही विचाराल, की कायमची माणसं का ठेवत नाहीत? कायमची आहेतच, पण थोडी. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात बर्फात बुडून जातं. मुख्य हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जेमतेम साडेचार महिन्यांचा. आपल्याकडे आंब्याच्या दिवसांत बागेत राखणीला आणि पेट्या भरायला माणसं येतात, तशी तिथं हंगामापुरती माणसं येतात. फरक इतकाच, की आंबा उतरवणाऱ्याला आंबा ठाऊक असतो. इथं मात्र परवापर्यंत संगणकासमोर बसलेल्या मुलीला थोड्याच दिवसांत १८६९ सालच्या रस्त्यावर उभं करायचं असतं.

शिक्षणाचा पहिला भाग अंगाचा. भाचीचा तो जिना आणि ती बादली म्हणजे त्याचाच गृहपाठ होता. जुने कपडे घालणं म्हणजे पोशाख चढवून मिरवणं नव्हे. त्या कपड्यांत काम करता आलं पाहिजे. झगा तुडवला न जाता फळ्यांच्या पायऱ्या चढायच्या, शेगडीजवळून जाताना घेर आवरून धरायचा, मातीच्या रस्त्यावरून चालायचं. चुलीशी काम करणाऱ्यांना लोकरी कपडा बरा, कारण सुती कापड पटकन पेट घेतं आणि लोकर सहसा भडकत नाही, हेही ती तिथंच शिकली. मनगटावरचं घड्याळ, नखांचा रंग, खिशातला मोबाईल, काही दिसता कामा नये. पाण्याची प्लॅस्टिकची बाटलीसुद्धा नाही. उन्हात दिवसभर उभं राहायचं, तर पाणी प्यायचं कुठं आणि केव्हा, याचाही विचार आधी करून ठेवावा लागतो.

दुसरा भाग वस्तूंचा आणि जिवाचा. कुठली वस्तू खरी जुनी आणि कुठली नक्कल, हे ओळखायचं. नक्कल असेल ती पाहुण्यांच्या हातात द्यायची, अस्सल असेल तिला आपणही उगाच हात लावायचा नाही, कारण बोटांच्या घामानंदेखील लोखंड आणि कागद खराब होतात. इमारतींचंही तसंच. सेंट सेव्हियर्स नावाचं लाकडी चर्च १८६९-७० मध्ये बांधलेलं, मूळचं आहे. काही घरं मात्र नंतर नव्यानं बांधलेली आहेत. पाहुण्यानं विचारलं तर खरं ते सांगायचं. त्याखेरीज प्रथमोपचार, अग्निशामक नळकांडं चालवणं, कुणी हरवलं तर काय करायचं, आणि हद्दीत अस्वल आलं तर काय करायचं. अस्वलाचा धडा भाचीनं मला इतका रंगवून सांगितला, की पुढं त्या गावी गेलो तेव्हा माझं अर्धं लक्ष झाडांकडेच होतं.

तिसरा भाग हाताचा. गाळातून सोनं वेगळं काढायला शिकणं. यामागचं शास्त्र साधं आहे. सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून अधिक जड, तर साधी वाळू जेमतेम अडीच पट. पसरट थाळीत गाळ आणि पाणी घेऊन गोल हेलकावा दिला, की हलकी वाळू वरून वाहून जाते आणि जड कण तळाशी राहतात. आधी काळी वाळू उरते, ती लोखंडाच्या जातीची. नशीब असेल तर तिच्या कडेला पिवळा ठिपका दिसतो. वर्गातल्या बाकी मुलांना तो हेलकावा जमायला वेळ लागला. भाचीला पहिल्याच दिवशी जमला. शिकवणाऱ्यानं विचारलं, "कुठं शिकलीस?" तिला सांगता येईना. घरी येऊन तिनं बेसिनमध्ये मला ताटलीनं करून दाखवलं आणि मी हसायला लागलो. माझी आई, म्हणजे तिची आजी, तांदूळ रोळायची ते अगदी अस्संच. तांदूळ पाण्याबरोबर पुढच्या भांड्यात, खडे तळाशी. लहानपणी सुट्टीत चिपळूणला आली, की पोरगी आजीच्या शेजारी बसून तेच करायची. फरक एवढाच, की आम्ही तळाशी राहिलेलं फेकून देतो आणि ते लोक त्यासाठीच जीव टाकतात.

आता मुख्य भागाकडे येतो. तो आहे जिभेचा.

या कामाला तिकडे इंटरप्रिटर म्हणतात. म्हणजे दुभाषा. मला हा शब्द आवडला. गेलेली माणसं आपली भाषा बोलू शकत नाहीत, आपण त्यांची जाणत नाही. मधे कुणीतरी लागतो. या कामाचा पाया घालणाऱ्यांत फ्रीमन टिल्डन या अमेरिकन लेखकाचं नाव घेतात. कादंबऱ्या, नाटकं, वृत्तपत्रातलं लेखन असा त्याचा आधीचा व्यवसाय. १९५७ साली त्यानं 'इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज' हे पुस्तक लिहिलं आणि त्यात सहा तत्त्वं मांडली. त्यांचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. जे दाखवता ते पाहणाऱ्याच्या आयुष्याशी जोडा, नाहीतर ते कोरडं राहील. नुसती माहिती म्हणजे उलगडा नव्हे, पण उलगडा मात्र माहितीवरच उभा असतो. ही एक कला आहे आणि थोडीफार शिकवता येते. शिकवण्यापेक्षा विचाराला चालना देणं हा तिचा हेतू. तुकडा नव्हे, समग्र दाखवा. आणि मुलांसाठी मोठ्यांचंच पातळ करून वाढू नका, त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करा. तांदळाची गोष्ट आठवा, म्हणजे पहिलं तत्त्व लगेच कळेल.

बोलण्याच्याही दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत तुम्ही त्या काळचं माणूस होता. साल १८६९, तुम्हाला मोटार ठाऊक नाही, विमान ठाऊक नाही, पाहुण्याच्या हातातला मोबाईल पाहून "हे काय आहे?" म्हणून विचारता. दुसऱ्या रीतीत कपडे जुने, पण बोलणारा आजचा. "त्या काळी असं होतं" अशा भाषेत तो सांगतो. पहिलीत रंगत जास्त. पण तिची अडचणही मोठी. १८६९ मधला सामान्य गोरा खाणमालक चिनी मजुराविषयी काय बोलत असेल? ते जसंच्या तसं बोललं तर समोरच्या पाहुण्याचा अपमान होतो. ते गाळून गोड बोललं तर इतिहासाचा अपमान होतो. म्हणून भूमिकेतून बाहेर केव्हा यायचं हे कळणं, हा या शिक्षणाचा अवघड भाग.

आणि इथंच आमच्या भाचीचा पाय घसरला.

१६ सप्टेंबर १८६८ ला हे गाव जळून खाक झालं. सगळी घरं लाकडाची, एकमेकांना खेटून. दीड-दोन तासांत होत्याचं नव्हतं झालं. लोकांनी लगेच पुन्हा बांधायला घेतलं, आणि आज दिसतं ते गाव त्या आगीनंतरचं. आग कशी लागली याची एक गोष्ट तिथं नेहमी सांगतात. एका गुत्त्यात एक मुलगी इस्त्री करत होती. एका खाणकामगारानं तिचं चुंबन घ्यायचा प्रयत्न केला, झटापटीत शेगडीला धक्का लागला, धुराची नळी निसटली आणि कापडी छत पेटलं.

भाचीनं ही गोष्ट पाठ केली होती. स्वयंपाकघरात आम्हाला तिनं ती करून दाखवली. आधी इस्त्रीचा आविर्भाव, मग लाजणं, मग किंकाळी. शेवटी डोळे मिचकावून म्हणायची, "एका चुंबनानं अख्खं गाव जाळलं!" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सरावात तिनं तशीच ती सादर केली. सोबतची मुलंही हसली. मग एका जुन्या, अनुभवी सहकारी बाईंनी तिला बाजूला घेऊन दोनच प्रश्न विचारले. "हे तुला कुणी सांगितलं?" आणि "त्या मुलीला काय वाटलं असेल?"

संध्याकाळी ती घरी आली ती गप्प. मग जुन्या नोंदी वाचायला बसली. तिला सापडलं ते असं. फ्रेडरिक डॅली नावाचा छायाचित्रकार त्या दिवशी गावात होता. आगीआधीच्या आणि नंतरच्या गावाची त्यानं काढलेली छायाचित्रं आजही आहेत. ही हकिगत त्यानंच लिहून ठेवली आहे. पण त्यानं ती डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. आपल्याला एका प्रत्यक्षदर्शीनं हे सांगितलं आणि लोक चिडून कुणाचा तरी जीव घेतील या भीतीनं त्या माणसानं ते उघड केलं नव्हतं, असं डॅली लिहितो. म्हणजे पाहणारा एक, लिहिणारा दुसरा. आणि डॅलीनं लिहिलंय ते माणसानं केलेल्या आगळिकीविषयी. पुढं सांगता सांगता त्याची गंमत झाली आणि बोलणाऱ्याच्या डोळे मिचकावण्यातून दोष मात्र त्या मुलीच्या पदरात पडला. इस्त्री करत पोट भरणारी ती मुलगी. तिच्या मर्जीविरुद्ध कुणीतरी अंगाशी आला, आणि दीडशे वर्षं माणसं त्यावर हसताहेत.

भाची म्हणाली, "मामू, मीसुद्धा तिला हसण्यावारी नेलं. लाजलेली मीच दाखवली. कुठं लिहिलंय ती लाजली म्हणून?"

मी तिला म्हटलं, "तुझे नाना हदीस सांगायचे तेव्हा काय करायचे, आठवतंय?" आमच्याकडे पैगंबरांचं वचन सांगताना आधी साखळी सांगतात. अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, त्यानं अमक्याकडून. सांगणाऱ्याला म्हणतात रावी. रावी भरवशाचा आहे का, हे आधी पाहायचं, मग मजकूर. साखळीतली एखादी कडी निसटली, तर मजकूर कितीही सुंदर असो, जाणकार त्याला कमी वजन देतात. आमचे वडील तर साधी लग्नाची बातमीसुद्धा कुणाकडून कळली ते सांगितल्याशिवाय सांगत नसत. आम्ही पोरं त्यांना हसायचो.

भाचीनं मग गोष्ट नव्यानं बांधली. "डॅली नावाचा एक छायाचित्रकार इथं होता, त्यानं लिहून ठेवलंय की त्याला एकानं असं सांगितलं," इथून सुरुवात. मग ती मुलगी, मग तो माणूस, मग शेगडी. गोष्ट थोडी लांबली, पण उणी झाली नाही. उलट त्या प्रत्यक्षदर्शीनं गप्प राहायचं ठरवलं, हा धागा नव्यानं आला आणि ऐकणारी माणसं हसायच्या ऐवजी पुढं सरसावून ऐकू लागली.

अशीच आणखी एक बढाई आहे. शिकागोच्या पश्चिमेला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला बार्करव्हिलएवढं मोठं शहर नव्हतं म्हणे. ऐकायला झोकदार. पण ती सांगतानाही "असं म्हणतात" हे दोन शब्द पुढं लावायला ती शिकली. दोन शब्दांनी रंगत जात नाही, पण पाहुण्याला कळतं की हा माणूस आपल्याशी प्रामाणिक आहे.

पुढची पायरी याहून कठीण. ज्यांच्या गोष्टी सांगितल्याच गेल्या नाहीत, त्यांचं काय? बार्करव्हिलच्या रस्त्याचं एक टोक म्हणजे चिनी वस्ती. तिथली ची कुंग टोंग या मंडळाची इमारत २००८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. परक्या मुलखात आलेल्या चिनी माणसांना आसरा, मदत, चार आपली माणसं तिथं मिळायची. कॅनडात १८८५ पासून येणाऱ्या चिनी माणसावर डोईपट्टी होती, आधी पन्नास डॉलर, १९०३ पासून पाचशे. १९२३ ते १९४७ या काळात तर त्यांना दार जवळजवळ बंदच होतं. २००६ साली कॅनडाच्या सरकारनं डोईपट्टीबद्दल माफी मागितली. ज्याला फक्त सोन्याची गंमत सांगायची आहे, त्यानं यातलं काही सांगितलं नाही तरी चालतं. ज्याला गाव सांगायचं आहे, त्याला हे टाळता येत नाही.

न्यायाधीश मॅथ्यू बेग्बी हे तिथलं लोकांना आवडणारं पात्र. उंच, रुबाबदार, फटकळ. खाणवाल्यांच्या तंट्यांत यानं कायद्याचा धाक बसवला, हे खरं. आणि याच न्यायाधीशासमोर १८६४ मध्ये चिल्कोटिन लोकांच्या प्रमुखांचा खटला चालला, हेही खरं. आपल्या मुलखात घुसणाऱ्या रस्त्याच्या कामगारांवर त्यांनी हल्ला केला होता. बोलणी होणार या समजुतीनं ते आले आणि पकडले गेले. पाच जणांना क्वेनेल इथं फाशी झाली. २०१४ मध्ये प्रांताच्या आणि २०१८ मध्ये देशाच्या सरकारनं ते निर्दोष असल्याचं जाहीर केलं. पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी ते संसदेत सांगितलं. ज्या १८६२ मध्ये बार्करला सोनं सापडलं, त्याच १८६२ मध्ये व्हिक्टोरिया बंदरात जहाजातून देवी आल्या आणि त्या साथीत तिथले मूळ रहिवासी हजारोंनी मेले. एकच साल, दोन गोष्टी. एक फलकावर ठळक येते, दुसरी सांगणाऱ्यावर अवलंबून असते.

जूनच्या शेवटी बहिणीनं आणि मी ते गाव पाहायला जायचं ठरवलं. प्रिन्स जॉर्जहून सुमारे दोनशे किलोमीटर. भाचीला आम्ही येणार हे सांगितलं नव्हतं. पदपथावर दहा-बारा माणसांच्या घोळक्यामागे आम्ही उभे राहिलो. ती डोक्याला टोपडं बांधून उभी होती आणि तिला लोक विचारत होते ते प्रश्न तिनं घरी सांगितले होते तेच. शौचालय कुठं आहे? या कपड्यांत उकडत नाही का? ही आग खरी आहे का? प्रत्येकाला ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं उत्तर देत होती. हाही या शिक्षणाचाच भाग. तुमच्यासाठी तो शंभरावा प्रश्न असेल, विचारणाऱ्यासाठी पहिलाच असतो.

मग एका वयस्क गृहस्थांनी, अगदी सौम्यपणे, विचारलं, "पण पोरी, तुझ्यासारखे लोक तेव्हा इथं होते का?"

बहिणीनं माझा दंड धरला. मलाही वाटलं, आता हिचा चेहरा पडणार. पण तिनं टोपड्याची गाठ सैल केली, म्हणजे भूमिकेतून बाहेर आली, आणि म्हणाली, "नाही. चिनी होते, काळे होते. वेलिंग्टन मोझेस नावाच्या काळ्या न्हाव्याचं दुकान इथं होतं. ज्यांची ही जमीन, ते डाकेल लोक तर आधीपासूनच होते. भारतातून माणसं या प्रांतात यायला लागली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९१४ साली कोमागाटा मारू नावाचं जहाज भरून आली, तर बहुतेकांना उतरूही दिलं नाही. १८६९ मध्ये माझं खापरपणजोबांचं घर समुद्रापलीकडे कोकणात होतं. हा झगा माझा नाही. मी तो घालून तुम्हाला ज्यांचा होता त्यांच्याविषयी सांगते आहे. तेवढंच माझं काम."

गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी स्वतःच्या आजोबांची गोष्ट सांगितली. तेही बोटीनंच आले होते, युरोपातून. घोळका तिथंच आणखी दहा मिनिटं रेंगाळला.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. तीन वर्षं सनावळ्या पाठ केल्या. दुसऱ्याचा झगा घालून बोलताना झगा दुसऱ्याचा आहे हे विसरायचं नाही, ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. कविता लिहिताना मी किती वेळा शेतकऱ्याच्या, विधवेच्या, मजुराच्या तोंडून बेधडक बोललो आहे. बरं लिहिलं असेन, वाईट लिहिलं असेन, पण "हे तुला कुणी सांगितलं?" असं स्वतःला विचारल्याचं आठवत नाही.

भाची २०२४ मध्येही हंगामाला गेली. त्या जुलैत जवळच्या जंगलात वणवा पेटला आणि बार्करव्हिल आणि शेजारचं वेल्स गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. मी तेव्हा चिपळुणात होतो. रात्री तिचा फोन आला, "मामू, मी सुखरूप आहे. क्वेनेलला पोचले." आवाजात धूर असावा तसा आवाज होता. जिन्यावरची बादली, अग्निशामक नळकांडं, हे सगळं मला त्या क्षणी आठवलं. सुदैवानं वणवा गावात शिरला नाही. काही दिवसांनी लोक परतले, गाव पुन्हा उघडलं.

त्यानंतर तिथं येणारे पाहुणे तिला १८६८ च्या आगीबरोबर या वणव्याविषयीही विचारू लागले. एकदा फोनवर म्हणाली, "मामू, आता पंचाईतच झाली. डॅलीची गोष्ट सांगताना मी म्हणते, त्यानं असं लिहिलंय. वणव्याचं सांगताना कुणाचं नाव घेऊ?"

मी म्हटलं, "तुझं घे. या वेळी रावी तूच आहेस. जेवढं पाहिलंस तेवढंच सांग."

"तेवढंच सांगते," ती म्हणाली. "बाकीचं लोक जोडतीलच."